अडीच माणसांची घटना

गेल्या चतुर्थीस आमची भाची घरी आली ती एक काम घेऊनच. ती एका संशोधनसंस्थेत नदीमुखांचा अभ्यास करते. भरतीबरोबर खारे पाणी नदीत किती आत शिरते, पावसाळ्यात ते किती मागे हटते, याचा हिशेब करणारे एक सॉफ्टवेअर तिने व तिच्या गुरूंनी सहा वर्षे खपून तयार केले आहे. ते मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स आहे; त्याची मूळ संहिता कुणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. आता परदेशांतील अभ्यासकही ते वापरू लागले आहेत. तेव्हा त्याचा कारभार वापरणाऱ्यांच्या समुदायाकडे सोपवावा आणि त्यासाठी आम्ही एक घटना लिहून द्यावी, असे तिचे म्हणणे होते.

आम्ही पडलो वकील. न्यास, सहकारी संस्था, वाचनालये यांच्या घटना लिहिण्यात आमची वीस वर्षे गेली. दोन रात्रींत आम्ही २३ कलमे सिद्ध केली : सर्वसाधारण सभा, सात जणांचे कार्यकारी मंडळ, गणपूर्ती, नोटिशीची मुदत, अविश्वासाचा ठराव, काही म्हणून सोडले नाही. भाचीने कागद शांतपणे वाचला आणि म्हणाली, "मामा, मंडळ सात जणांचं, आम्ही आहोत अडीच. सर, मी आणि एक विद्यार्थी, तोही परीक्षा नसेल तेव्हा."

आम्ही ओशाळलो. घर केवढे आहे हे न पाहता आम्ही छप्पर शाकारून बसलो होतो! संशोधनासाठी निर्माण झालेल्या सॉफ्टवेअरास असा लोककारभार मानवतो काय, या प्रश्नाकडे आम्ही त्यानंतरच खऱ्या अर्थाने वळलो.

प्रथम एक गाठ सोडवावी लागते. परवाना मोकळा असणे निराळे आणि कारभार मोकळा असणे निराळे. मोकळ्या परवान्यामुळे कुणासही संहितेची प्रत घेऊन वेगळी चूल मांडता येते. परंतु मूळ चुलीवर काय शिजावे हे ठरविण्याचा हक्क त्याने मिळत नाही. गणिताचे ग्रंथ सुबक छापता यावेत म्हणून डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ साली 'टेक' नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. ती सर्वांस खुली आहे. पण तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार क्नूथ यांनी स्वतःकडेच ठेवला. तिच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीगणिक पाय या संख्येच्या एकेका अंकाने वाढतो. आपल्या पश्चात तो क्रमांक पाय हाच करावा आणि उरलेल्या चुका तशाच राहू द्याव्यात, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. मंडळ नाही, मतदान नाही. तरी काम चोख. कारण ते पुरे झालेले काम आहे.

संशोधनाचे सॉफ्टवेअर सहसा पुरे होत नाही. नवे मोजमाप येते, नवे समीकरण येते, नवे यंत्र येते. उलट त्याचे पोषण मात्र तीन किंवा पाच वर्षांच्या अनुदानावर. विद्वानास बढती मिळते ती शोधनिबंधांवर. दुसऱ्याने दाखविलेली चूक रात्री जागून दुरुस्त केल्याबद्दल नव्हे. शिवाय समीकरण बरोबर की चूक हे बहुमताने ठरत नाही. खाडीतील पाण्याचा खारेपणा सभेच्या ठरावास जुमानीत नाही! मतदान घ्यायचे ते कामाचा क्रम, पैसा आणि माणसे यांविषयी.

मग समुदायाचा उपयोग कोणता? त्याचे उत्तर आम्हांस जॉन हंटर यांच्या चरित्रात सापडले. हे मज्जासंस्थेचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-लहरी तपासण्याचे जे विकतचे सॉफ्टवेअर त्यांच्या प्रयोगशाळेत होते त्याचा परवाना एकच. त्याची किल्ली एकाने सोडावी तेव्हा दुसऱ्याने घ्यावी. या अडचणीतून त्यांनी आलेख काढणारे 'मॅटप्लॉटलिब' रचले आणि २००३ पासून ते सर्वांस खुले केले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, कर्करोगावरील उपचारांत हंटर निवर्तले. पण काम थांबले नाही. अवकाश-दुर्बिणीच्या संस्थेत काम करणारे मायकेल ड्रॉटबूम यांनी धुरा घेतली. हवाईतील एक समुद्रशास्त्रज्ञ आधीपासून सोबतीला होतेच. २०१९ साली कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, तिच्यामागील कामातही मॅटप्लॉटलिबचा उपयोग झाला होता. हंटर यांच्या हयातीतच परके हात त्या कामात मुरले होते, म्हणून ते तरले. त्यास कलमांनी तारले असे आम्हांस म्हणवत नाही.

कलमांची वेळ पुढे येते. 'पायथन' ही आज शास्त्रज्ञांची आवडती संगणकभाषा. तिचा जन्म ॲम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेतला. तिचे कर्ते गिडो व्हान रॉसम यांचा शब्द अनेक वर्षे अखेरचा मानला जाई. जुलै २०१८ मध्ये एका चिन्हावरून वाद इतका विकोपास गेला की ते अधिकारपदावरून दूर झाले. तोवर तेथे अनुभवी सहकाऱ्यांची मोठी फळी उभी होती. त्यांनी अनेक मसुदे पुढे ठेवून त्यांवर मतदान घेतले आणि २०१९ च्या आरंभी पाच जणांचे मंडळ निवडले. एकाच मालकाच्या चाकरीतील दोहोंपेक्षा अधिक जण त्या मंडळात नसावेत, हे त्यांचे कलम वाचून आमच्यातील वकील प्रसन्न झाला.

आमच्या गोव्याच्या गावकरीचे कज्जे चाळताना हीच गोष्ट निराळ्या रूपाने आम्ही पाहिली आहे. ज्यांनी बांध घातले, खाजणे राखली, त्यांच्या हाती गावाचा निर्णय होता. पुढे वंशजांची नावे वहीत राहिली, वर्षाचा वाटा राहिला. बांधावर चिखल थापणारा हात मात्र कित्येक ठिकाणी उरला नाही. अधिकार कामापासून तुटला की वही शाबूत राहते आणि बांध फुटतो.

तेव्हा आम्ही २३ कलमे बाजूस ठेवली आणि एका पानात पाच लिहिली. आजचा निर्णय सरांचा, हे उघड लिहावे. सर नसतील तेव्हा कोण, आणि किल्ल्या कुणाकडे, हे आजच ठरवावे. बाहेरच्या ज्या कुणी वर्षभर काम केले त्यास मत द्यावे. शास्त्रीय मतभेद प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून मिटवावा. आणि तीन निराळ्या संस्थांची माणसे काम करू लागतील त्या दिवशी मंडळ नेमावे, आधी नव्हे.

हे लिहिताना वकिलाची एक शंका उरलीच. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची संहिता वाङ्मयकृतीत मोडते, आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या कृतीची पहिली मालकी, उलट करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याची असते. "संस्थेचं संमतिपत्र घेतलंत का, बाय?" आम्ही विचारले. भाची गप्प झाली. सहा वर्षे जी वस्तू त्यांनी मोकळ्या हाताने वाटली ती वाटण्याचा अधिकार त्यांना होता की नाही, हेच संदिग्ध! परकी माणसे ज्या घरात राबणार त्याच्या जमिनीचाच दाखला नसावा, याहून मोठा अन्याय त्यांच्यावर कोणता?

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. सरांनी दुसरे कलम दोनदा वाचले आणि विचारले, "हे माझ्याविषयीच ना?" तिने हो म्हटले. त्याच संध्याकाळी त्यांनी तिला समोर बसवून सारे संकेतशब्द लिहून दिले. मार्चमध्ये अनुदान संपते. संमतिपत्राचा अर्ज संस्थेच्या कार्यालयात पडून आहे. उत्तर यायचे आहे.

असा लोककारभार मानवतो काय, या प्रश्नास आमचे उत्तर आता एवढेच : मानवतो, पण कामास हात लागल्यानंतर. तोवर किल्ली कुणाकडे हे ठाऊक असले तरी पुष्कळ झाले. आमची २३ कलमे कपाटात आहेत. ती बाहेर काढण्याची वेळ भाचीवर यावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.