पुलाच्या अलीकडे

मंडळी, रणजीचं वेळापत्रक यायचंय, पण आमचं ठरलंय. महाराष्ट्राचा सामना गोव्यात पर्वरीला लागला, की कॉलेजचे आम्ही चौघे सोलापुरातून निघणार. विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

कारण एकच, अर्शिन कुलकर्णी. आपल्या सोलापूरचं पोरगं! २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात त्यानं अमेरिकेविरुद्ध शतक ठोकलं, तेव्हापासून आम्ही त्याचे पंखे. तो संघात असला, की चार दिवस रजा पक्की.

गोची एवढीच की पर्वरी आणि पणजीच्या मध्ये मांडवी आहे, आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी. 'एक रात्र बसू बे,' एकानं टाकलं. दुसरा गप्प. मागच्या खेपेला त्यानं तिथं पोराच्या फीचे पैसे घालवले होते. (त्याला विचारूनच लिहितोय.)

मी पडलो प्रोग्रामर, हिशेब मांडला. एका शून्याच्या रूलेटमध्ये घरं ३७, आकडा लागला तर देतात ३५ पट. म्हणजे शंभरामागे सरासरी २ रुपये ७० पैसे त्यांचे, दर फेरीला. मैदान त्यांचं, नियमही त्यांचेच.

रात्री त्याचा फोन आला. 'येतो रे. पण कार्ड आणि मोबाईल तुझ्याकडे ठेव.'

म्हणून मुक्काम म्हापशात. साखळी-डिचोलीवरून गेलं की मांडवीचा तो पूल लागतच नाही. पणजी राहील बघायची.

राहू दे बे.