सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

लिनक्सवर खेळ खेळणारा मनुष्य ग्राफिक्स कार्डाची चौकशी करू लागला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: सेकंदाला किती फ्रेम मिळतात? प्रश्न गैर आहे असे मी म्हणत नाही. परंतु ड्रायव्हरांची मोजमापे घेण्यात आणि त्यांतील दोष हुडकण्यात ज्याच्या आयुष्याचा बराच भाग गेला आहे अशा माझ्यासारख्याला त्याच्या उत्तरातून फारच थोडे कळते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १६.६७ मिलिसेकंद. आता ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत सिद्ध झाल्या आणि उरलेल्या एकीने एकटीने ११५ मिलिसेकंद घेतले, तर बेरीज बरोबर एका सेकंदाची होते, सरासरी साठाचीच राहते, आणि तरीही नेमक्या वळणावर चित्र गोठल्यामुळे खेळणाऱ्याची गाडी कठड्यावर आदळलेली असते. सरासरीच्या रकान्यात या अपघाताची नोंद होत नाही. माझ्या कामाचा खरा विषय ती एक फ्रेम आहे, आणि ती का रखडली याचा छडा लावता लावता ड्रायव्हर-लेखनाच्या कलेविषयी जे मत माझे बनत गेले, ते असे की या कलेतील श्रेष्ठत्व काम किती वेगाने उरकले यापेक्षा कोणते काम कोणत्या वेळी हाती घेतले यावर अधिक अवलंबून असते.

ड्रायव्हर ही एकसंध वस्तू नाही. तिचा एक भाग कर्नलमध्ये राहतो. एएमडीच्या कार्डांपुरते बोलायचे तर २०१५ साली लिनक्स ४.२ मध्ये दाखल झालेला ‘एएमडीजीपीयू’ हा तो भाग, आणि स्मृतीची वाटणी, विजेचा व घड्याळगतीचा बंदोबस्त, कामांच्या रांगा लावणे हा सारा कारभार त्याच्याकडे असतो. दुसरा भाग कर्नलच्या बाहेर, प्रत्येक खेळाच्या प्रक्रियेत वावरतो. तो ‘मेसा’ या प्रकल्पातून येतो, ज्याचा आरंभ ब्रायन पॉल यांनी १९९३ साली केला आणि ज्याची पहिली आवृत्ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने ‘प्रोटॉन’ आणल्यापासून या मांडणीत आणखी एक थर स्थिरावला. विंडोजसाठी लिहिलेला खेळ डायरेक्ट३डीच्या आज्ञा देतो, ‘डीएक्सव्हीके’ किंवा ‘व्हीकेडी३डी-प्रोटॉन’ त्यांचे व्हल्कनमध्ये रूपांतर करते, मेसा त्या व्हल्कनच्या आज्ञांपासून कार्डाला समजेल असे यंत्रसांकेतिक लेखन तयार करते, आणि मग कर्नल ते कार्डाच्या रांगेत रुजू करते. एवढ्या टप्प्यांमधून गेलेली आज्ञा वेळेत पोहोचते याचेच प्रथमदर्शनी नवल वाटावे. परंतु हे टप्पे मुळात अडचणीचे नाहीत. प्रत्येक टप्प्यावरील मेहनत जर खेळ सुरू होण्यापूर्वी, किंवा निदान ती वस्तू पडद्यावर येण्यापूर्वी, उरकलेली असेल, तर खेळणाऱ्याला त्यांचा मागमूसही लागत नाही.

ज्याने विलंबित ख्याल मन लावून ऐकला आहे त्याला हे निराळे सांगावे लागू नये. गती संथ असली म्हणून ऐकणाऱ्याचा रसभंग होत नाही. मात्रा मात्र जागच्या जागी पडली पाहिजे. स्टीम डेकवर पुष्कळ लोक पडदा ४० हर्ट्‌झला बांधून ४० फ्रेमांवर खेळतात, त्याचे कारण हेच. ४० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला २५ मिलिसेकंद, आणि २५ हा आकडा ६० फ्रेमांच्या १६.६७ व ३० फ्रेमांच्या ३३.३३ या दोहोंच्या बरोबर मध्यावर येतो. पंधरा वॉटांत चालणाऱ्या त्या लहानशा चिपेला हा मध्य सातत्याने सांभाळता येतो, आणि अस्थिर पन्नासापेक्षा स्थिर चाळीस हे डोळ्यांना व हातांना कितीतरी अधिक मानवते.

म्हणून मोजणीला बसताना मी आधी खोलीची व्यवस्था पाहतो. वैशाखातल्या दुपारी पुण्यात घेतलेले मोजमाप आणि पौषातल्या पहाटे घेतलेले मोजमाप शेजारी शेजारी ठेवण्याच्या लायकीचे नसते, कारण तापलेले कार्ड स्वतःची घड्याळगती आपणहून उतरवते. कर्नलने ‘सिसएफएस’मध्ये ‘पॉवर डीपीएम फोर्स परफॉर्मन्स लेव्हल’ या नावाची एक फाइल ठेवली आहे; तिच्यात नेमका शब्द लिहिला की घड्याळगती एका पातळीवर बांधता येते, आणि तसे केल्यावाचून दोन ड्रायव्हरांची तुलना करणे मला प्रशस्त वाटत नाही. शेडरांचा, म्हणजे कार्डावर चालणाऱ्या लहान कार्यक्रमांचा, साठा एकदा पुसून आणि एकदा राखून अशा दोन्ही स्थितींत तोच प्रवेश पुन्हा पुन्हा खेळावा, ‘मँगोहड’ या साधनाकडून प्रत्येक फ्रेमचा काळ नोंदवून घ्यावा, आणि सरासरीकडे न पाहता सर्वांत मंद अशा शेकडा एक फ्रेमांचे काय झाले ते पाहावे. दोन्ही फेऱ्यांच्या आलेखांत जो फरक दिसतो, त्यातच ड्रायव्हरच्या स्वभावाचे अर्धेअधिक दर्शन घडते.

या विषयाच्या इतिहासात एका आकड्याला मोठे मानाचे स्थान आहे, त्याचा उल्लेख येथे करणे उचित होईल. २०१२ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने जाहीर केले की ‘लेफ्ट ४ डेड २’ हा त्यांचा खेळ लिनक्सवर प्रथम उभा राहिला तेव्हा सेकंदाला ६ फ्रेम मिळत होत्या, आणि कार्डे बनवणाऱ्यांच्या ड्रायव्हर-लेखकांसह केलेल्या परिश्रमानंतर जीटीएक्स ६८० कार्डावर त्या ३१५ झाल्या. त्याच यंत्रावर विंडोज ७ मध्ये डायरेक्ट३डीने २७०.६ मिळत होत्या. मंदपणा लिनक्सच्या अंगभूत घडणीत आहे ही जी समजूत तोवर रूढ होती, तिचे निरसन या आकड्याने केले आणि हे त्याचे ऋण मी मानतो. परंतु तोही सरासरीचाच आकडा होता, आणि पुढची दहा वर्षे ज्या प्रश्नाने आम्हांला पछाडले तो त्या आकड्याच्या आवाक्यातला नव्हता.

तो प्रश्न शेडरांचा. पाण्यावरची चकाकी, भिंतीवरची सावली, पात्राच्या अंगरख्याचे पोत अशा प्रत्येक गोष्टीसाठी एक लहानसा कार्यक्रम कार्डावर चालतो. आणि कार्डांच्या पिढ्या भिन्न असल्यामुळे तो आधीपासून यंत्रभाषेत पाठवता येत नाही, ड्रायव्हरला तो खेळणाऱ्याच्या घरी, प्रसंगी ऐन खेळातच, संकलित करावा लागतो. २०१६ मध्ये डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी एएमडीच्या कार्डांसाठी ‘आरएडीव्ही’ हा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर सुरू केला, तेव्हा त्यांनी संकलनासाठी ‘एलएलव्हीएम’चा आश्रय घेतला, आणि ते स्वाभाविकच होते, कारण इलिनॉय विद्यापीठात जन्मलेली ही साधनसंपत्ती तोवर सर्वमान्य झाली होती. पण एलएलव्हीएमची प्रकृती विद्वानाची आहे: लेखनाचे रूप सुधारण्यासाठी ते वारंवार त्यावरून फिरते, आणि एकदा संकलित करून वर्षानुवर्षे चालवायच्या कार्यक्रमाला ही सावकाशी शोभून दिसते. खेळाच्या मध्यावर दार उघडले आणि पलीकडच्या दालनात पाचपन्नास नवे शेडर दबा धरून बसलेले असले म्हणजे मात्र तीच सावकाशी १६ मिलिसेकंदांच्या मुदतीला कित्येक पटींनी ओलांडून जाते.

२०१९ च्या जुलैमध्ये व्हॉल्व्हने ‘एसीओ’ हा नवा संकलक जाहीर केला. डॅनिएल श्युरमान व रीस पेरी हे त्याचे मुख्य कर्ते. त्यांनी एएमडीच्या कार्डांपुरते आणि खेळांच्या शेडरांपुरतेच क्षेत्र आखून घेतले आणि त्या क्षेत्रात वेळेची काटकसर हा पहिला नियम मानला. वर्षभरातच, मेसा २०.२ पासून, आरएडीव्हीने त्यालाच आपला नित्याचा संकलक केले. मला या कामाचे विशेष कौतुक अशासाठी वाटते की वेग वाढवताना निर्मितीचा दर्जा उतरू दिला गेला नाही, उलट पुष्कळ ठिकाणी तो चढला. त्याचे मर्म नोंदकांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे.

एएमडीच्या जीसीएन पिढीच्या कार्डात गणनएककाच्या प्रत्येक सदिश विभागाजवळ सदिश नोंदकांच्या २५६ ओळी असतात. चौसष्ट धाग्यांचा एक गट, ज्याला वेव्ह म्हणतात, आपल्या शेडरला लागतील तितक्या ओळी अडवून ठेवतो. शेडरने ६४ ओळी मागितल्या तर चार वेव्ह एकाच वेळी मुक्कामाला राहू शकतात. १२८ मागितल्या तर दोनच. आणि २४ मध्ये भागवले तर दहा, म्हणजे यंत्राच्या परवानगीची परिसीमा. अधिक वेव्ह असण्याचा लाभ हा की एक वेव्ह स्मृतीतून पोत यायची वाट पाहत थांबली म्हणजे दुसरीने गणित चालू ठेवावे, आणि यंत्र रिकामे बसू नये. ६४ ओळींमध्ये बसणाऱ्या शेडरला संकलकाच्या गाफीलपणाने ६५ ओळी लागल्या, तर चाराच्या जागी तीनच वेव्ह उरतात, आणि एका ओळीपायी चतुर्थांश मनुष्यबळ दारात उभे राहते. सर्व धाग्यांत समान असणारे मूल्य ओळखून ते निराळ्या अदिश नोंदकात टाकायचे आणि सदिश ओळी वाचवायच्या, ही किमया एसीओने फार काळजीपूर्वक साधली आहे. असे संकलित लेखन ओळीनुसार वाचताना मला उत्तम मसुदा वाचल्याचे समाधान लाभते. प्रत्येक शब्द आपल्या जागी का आहे याचे उत्तर तेथे मिळते.

त्यानंतरचा टप्पा २०२२ चा. व्हल्कनच्या मूळ रचनेत शेडर, मिश्रणाचे नियम, शिरोबिंदूंची मांडणी अशी सर्व सामग्री एकत्र असल्याखेरीज संकलन पुरे होत नसे, आणि जुन्या डायरेक्ट३डीचे खेळ तर ही सामग्री चित्र काढायच्या क्षणापर्यंत हातची राखून ठेवत. व्हल्कनला जोडलेल्या एका नव्या विस्ताराने तुकडे आधी स्वतंत्र संकलित करून ऐन वेळी केवळ जोडण्याची मुभा दिली, डीएक्सव्हीके २.० ने त्याच वर्षी तिचा उपयोग आरंभिला. येथेही गणित तेच होते, त्याची घटिका तेवढी अलीकडे आणली गेली.

प्रत्येक हिसक्याचे खापर शेडरांवर फोडणे मात्र अन्यायाचे आहे. २०२२ मध्येच ‘एल्डन रिंग’ प्रसिद्ध झाला तेव्हा स्टीम डेकवर काम करणाऱ्यांना आढळले की मोठ्या खंडांपैकी बहुसंख्य खंड शेडरांमुळे पडत नव्हते. ठराविक स्थळी खेळ हजारो आज्ञासंच नव्याने निर्माण करी आणि स्मृतीची व्यवस्था त्या भाराखाली दबून जाई. त्या वस्तू राखून पुन्हा वापरण्याची तजवीज रूपांतराच्या थरात झाली, आणि खेळाच्या मूळ लेखनाला हात न लावता दोष पुष्कळसा ओसरला. कारण कोणते हे आधी ठरवावे आणि उपाय मग करावा, हा जुन्या वैद्यांचा दंडक आमच्या व्यवसायातही तितकाच बंधनकारक आहे.

आणि कारण ठरवता येते ते लेखन उघडे आहे म्हणून. नव्या आवृत्तीत एखादा खेळ मंदावला तर जुनी व नवी यांच्या दरम्यानच्या बदलांना मधोमध छेदत जायचे, प्रत्येक छेदाशी ड्रायव्हर नव्याने बांधून मोजायचा, आणि जिकडे दोष तिकडचा अर्धा भाग पुन्हा छेदायचा. हजार बदलांमधून दोषी बदल या रीतीने दहा पायऱ्यांत हाती लागतो. तो सापडला की त्याच्या लेखकाचे नाव, तारीख आणि त्याने तो का केला याची टिपणी, सारे समोर असते. बंद ड्रायव्हर वेगवान असू शकतो, हे मी निःशंक मान्य करतो. परंतु तो मंदावला तर वाट पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

एनव्हीडियाच्या कार्डांवर हे सामर्थ्य फार उशिरा आले. त्या कार्डांसाठी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर लोकांनी यंत्राचे वर्तन निरखून निरखून लिहिला होता. परंतु मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून घड्याळगती चढवण्याचा अधिकार स्वाक्षरीबद्ध फर्मवेअरकडे गेला, आणि ते फर्मवेअर हाती नसल्याने नूवोखाली ती कार्डे आरंभीच्या मंद गतीवरच चालत राहिली. लेखन कितीही सुबक असो, घड्याळच हळू चालत असता त्याचा काय उपयोग? पुढे ट्युरिंग पिढीपासून हा कारभार कार्डावरच्या एका स्वतंत्र प्रक्रियकाकडे सोपवला गेला, आणि त्याच्या द्वारे मुक्त ड्रायव्हरलाही पूर्ण गतीची वाट मोकळी झाली. त्या पायावर फेथ एकस्ट्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने लिहिलेला ‘एनव्हीके’ हा व्हल्कन ड्रायव्हर २०२३ मध्ये मेसात सामील झाला.

माझा स्वतःचा जीव मात्र जुन्या कार्डांवर जडलेला आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून वापरलेले कार्ड पदरात पाडून घेणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात. २०१२ च्या जानेवारीत विक्रीस आलेले रेडिऑन एचडी ७९७० हे व्हल्कनहून चार वर्षांनी वडील. २०२१ च्या जूनमध्ये एएमडीने त्या पिढीला जुन्या उत्पादनांच्या यादीत टाकून नियमित ड्रायव्हर थांबवले. लिनक्सवर मात्र आरएडीव्ही त्याच्यावर व्हल्कन चालवतो, आणि शेडरांचे संकलन तेथेही एसीओच करतो. कर्नल जुन्या ‘रेडिऑन’ ड्रायव्हरकडे ते सोपवत असेल तर आरंभीच्या आज्ञेत दोन शब्द घालून ते एएमडीजीपीयूच्या हवाली करावे, स्मृती ३ जीबीच आहे हे जाणून पोतांचा दर्जा एक पायरी उतरवावा, शेडरांचा साठा पुसून एकच प्रवेश दोनदा खेळावा, असे मी त्यांना सांगतो. पहिल्या फेरीत आलेखावर जी शिखरे उठतील ती संकलनाची समजावीत. दुसऱ्या फेरीतही ती त्याच जागी उठली, तर कर्नल व मेसा यांच्या आवृत्त्यांसह दोन्ही आलेख मेसाच्या दप्तरी दाखल करावेत. त्या पिढीचे कार्ड अद्याप स्वतःच्या यंत्रात बाळगणारे आणि असा तपशील मन लावून वाचणारे लोक तेथे आहेत.