इंग्रजी तिसरी

परवां माझ्या नातीनें माझी इंग्रजीची परीक्षा घेतली आणि तींत मी साफ नापास झालों. नात दुसरींत आहे. बुधवाराच्या इंग्रजी नांवांत मध्यें एक 'डी' येतो. तो मी आयुष्यभर मोठ्या निष्ठेनें उच्चारीत आलों आहें. तो नुसता लिहायचा असतो, बोलायचा नसतो, असें तिनें मला समजावून दिलें आणि वर विचारलें, "आजोबा, तुम्ही कितवीपर्यंत शिकलांत हो?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देतां येईना. आमच्या घरांत कोणत्याहि दोन पिढ्यांनीं इंग्रजीची शिडी एकाच पायरीपासून चढलेली नाहीं. माझ्या वडिलांच्या वेळीं, म्हणजे १९२५ च्या सुमारास, मराठी चौथी झालेल्या मुलाचा जणूं दुसरा जन्म होई. त्याची मोजणी पुन्हां एकापासून सुरू व्हावयाची. इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी, असें करीत करीत सातवीला मॅट्रिकचा उंबरठा यावयाचा. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला ही त्या वाटेवरची शिदोरी. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनें या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या काढून घेतल्या व इंग्रजी आठवीपासून सुरू केलें. त्यामुळें १९५७ सालीं इंग्रजीचें पहिलें पुस्तक माझ्या हातीं पडलें तेव्हां मला मिसरूड फुटूं लागलें होतें, आणि त्या वयांत आम्ही 'कॅट' आणि 'रॅट' घोकीत होतों! पुढें महाराष्ट्र राज्यांत इंग्रजी पुन्हां पांचवीला आलें आणि २००० सालापासून तर तें थेट पहिलीच्या वर्गांत जाऊन बसलें.

माझ्या वडिलांचें, नानांचें, इंग्रजी तिसरींत थांबलें. आजोबा अकस्मात् वारले, फी भरणें झेपेना, आणि नाना कोंकणांतल्या आमच्या गांवीं शेतीकडे परतले. पण त्या तीन इयत्तांच्या भांडवलावर त्यांनीं गांवांत जन्मभर मान मिळविला. त्याचें कारण तार. गांवांतले निम्मे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत. त्यांचें बरेंवाईट घरीं कळावयाचें तें तारेनें, आणि तार यावयाची इंग्रजींत. पोस्टमन आला कीं त्याच्यामागून तारेची धनीण आमच्या पडवींत येई. नाना चष्मा लावीत, कागद मनांतल्या मनांत वाचीत, त्याची घडी घालीत, आणि मग बोलत. मधल्या त्या स्तब्धतेंत ते शब्द जुळवीत असावेत, अशी माझी समजूत होती. तीन इयत्तांच्या माणसाला वेळ लागायचाच!

१९५८ च्या श्रावणांत अशीच एक तार आली. मी नववींत होतों. शब्दार्थांची वही भरली होती आणि तितकाच गर्वहि. शेजारच्या काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा परळला गिरणींत होता. नानांनीं कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "काकी, मुलगा फार आजारी आहे. उद्यांच्या एस. टी.नं आपण निघूं. मी येतों तुमच्याबरोबर."

मीं त्यांच्या खांद्यावरून तार वाचली होती. तींतला शब्द मला येत होता. वर्गांत बोट वर करावें तशा उत्साहानें मी म्हणालों, "नाना, एक्सपायर्ड म्हणजे आजारी नव्हे! एक्सपायर्ड म्हणजे वारला."

माझें वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतें. काकी रडल्या नाहींत. त्यांनीं माझ्याकडे पाहिलेंहि नाहीं. नानांकडे पाहून त्यांनीं एवढेंच विचारलें, "खरं?" आणि नानांनीं मान खालीं घातली. त्यांची मान खालीं गेलेली मीं त्या दिवशीं प्रथम पाहिली.

रात्रीं जेवणें झाल्यावर नाना माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलें, आतां रागावतील. ते रागावले नाहींत. म्हणाले, "तो शब्द मला तीस वर्षं ठाऊक आहे रे. या पडवींत तो मी कितीदां तरी वाचलाय. मुंबईला तिच्या भावाच्या घरीं, चार माणसांत पोंचेपर्यंत तिला धीर राहावा, एवढंच माझ्या मनांत होतं." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "तुझा अर्थ बरोबर होता हो." या शेवटच्या वाक्यानें मला जितकें लाजविलें तितकें कोणत्याहि छडीनें लाजविलें नसतें.

पुढें मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालों आणि तीस वर्षें तोच विषय मुलांना शिकविला. (तो नको असलेला 'डी' किती जणांच्या जिभेवर मीं बसविला असेल, देव जाणे!) शब्दाचा अर्थ चुकला तर मीं गुण कापले. पण शब्द कळल्यानंतर बोलण्यापूर्वीं किती थांबावें, हें मला शिकवितां आलें नाहीं; कारण तें मलाच नीटसें साधलेलें नाहीं. २०१३ सालीं तारेची सेवा बंद झाली. ती बातमी वाचतांना मला ती पडवी आठवली, आणि घडी घातलेल्या कागदावर ठेवलेला नानांचा हात आठवला.

नात उत्तराची वाट पाहत होती. मी म्हणालों, "तुझे पणजोबा इंग्रजी तिसरी झाले होते. मी पुष्कळ परीक्षा दिल्या, पण त्यांची ती तिसरी कांहीं माझ्या हातून पुरी झाली नाहीं."

तिनें क्षणभर विचार केला. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे तुम्ही दुसरींत! माझ्याच वर्गांत!"

आणि चटईवर थोडी बाजूला सरकून तिनें मला जागा करून दिली.