पाण्यातली नावं

मरळ श्वास घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर एक आवाज होतो. मिटलेले ओठ हलकेच उघडावेत तसा. चुप्. मग एक वलय, ते काठापर्यंत पोचायच्या आत विरून जातं. पहाटे पाळीवर बसलं तर हा आवाज ऐकू येतो. दिवस कासराभर वर आला, बायका धुणी घेऊन उतरल्या, बैल पाण्यावर आले, की तो हरवतो. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर जगता येत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा गिळावीच लागते. जाळ्यात अडकून फार वेळ पाण्याखाली राहिली तर मरळ बुडून मरते. लहानपणी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कितीतरी दिवस तिची काळजी वाटत होती.

हे मला सांगितलं आबाजींनी. ते माझे सख्खे आजोबा नव्हेत. आईच्या गावच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातले सगळ्यात जाणते गृहस्थ, म्हणून गावभराचे आबाजी. भंडारा जिल्ह्यातलं ते गाव, आणि गावाच्या उशाशी तलाव. आम्हा पोरांसाठी तो 'मामा तलाव'. आजोळचा तलाव, तेव्हा तो मामाच असणार, यात मला काही विशेष वाटत नसे. मामा खाऊ देतो, तलाव मासोळ्या देतो. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी' हे कळलं तेव्हा मी नागपूरला कॉलेजात होतो. 1951 साली मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर त्यांना हे नाव लागलं. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या माणसांनी ते बांधले. उतार कुठून कुठे धावतो, पाळ कुठे घातली म्हणजे पाणी थांबेल, हे ज्यांना जमिनीवरून चालता चालता कळत असे, अशी ती माणसं. नवेगावबांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. आमचा तलाव त्याच्यापुढे अगदी लहान. पाळीवरून फेरी मारायला अर्धा तास पुरतो. धानाला पाणी देणं हे त्याचं मुख्य काम. मासे हे त्याच्या पोटातलं दुसरं पीक.

मी गेली चाळीस वर्षं जमेल तेव्हा या पाण्यात गरी टाकत आलो आहे. काठी बांबूची, दोर नायलॉनचा, दोरावर तरंगायला मोरपिसाच्या देठाचा बोटभर तुकडा. संस्थेला विचारून बसतो. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं आहे, आणि बोटुकलीचे, म्हणजे तलावात सोडायच्या पिलांचे, पैसे ज्यांनी भरलेत त्यांच्या पाण्यात न विचारता बसणं मला कधीच बरं वाटलं नाही. आमिष साधंच. मरळीला बेडूक किंवा झिंगा, रोहूला कणकेत कालवलेली ढेप, बाकी सगळ्यांना गांडूळ.

शहरातले मित्र विचारतात, तुझ्या त्या तलावात मासे किती? प्रश्न सोपा वाटतो. शास्त्रज्ञांची एक सुंदर रीत आहे. समजा, वीस मासे धरले, त्यांच्या परांवर खूण केली आणि सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा वीस धरले. त्यांत पाच खुणेचे निघाले, तर धरलेल्यांतला चौथा हिस्सा खुणेचा. म्हणजे खुणेचे वीस हा अख्ख्या तलावाचा चौथा हिस्सा, आणि तलावात मासे सुमारे ऐंशी. न दिसणाऱ्या गोष्टीची अशी गणती करता येते याचा मला अजूनही आनंद होतो. आबाजींची रीत वेगळी. ते कानानं मोजत. पहाटे चिलीम विझवून बसायचे आणि मरळीचे श्वास मोजायचे. चिखलात तोंड खुपसून चरणाऱ्या मृगळीचे बारीक बुडबुडे एका रेषेत वर येतात, ते मोजायचे. पाणकावळा बुडी मारून किती वेळानं, चोचीत काय घेऊन वर येतो ते बघायचे. मी घाईघाईनं काठी सोडायला लागलो की म्हणायचे, "पहिले पाहाय न पोरा. गरी मंग टाकजो."

पण 'किती' हा प्रश्न त्यांनी कधी केला नाही. ते विचारत, 'कोन कोन हाय?'

माझ्या लहानपणी या प्रश्नाचं उत्तर लांबलचक असे. मरळ, मागूर, वाम, टेंगरा ही मोठी नावं. त्यांच्यामागे बोटाएवढ्या मासोळ्यांची सगळी वस्ती. एकीच्या शेपटीपाशी काळा ठिपका, एकीचं अंग इतकं पारदर्शक की आतला काटा दिसावा, एक पोटाशी पिवळी, एक सदा पाण्याच्या वरच्या कातडीला चिकटून धावणारी. आबाजींना प्रत्येकीचं नाव होतं. ती कुठल्या वनस्पतीखाली अंडी देते, कुठल्या महिन्यात कडू लागते, बाळंतिणीला कुठली चालते, हेही नावासोबत यायचं. मी गरीला लागलेला प्रत्येक जीव त्यांच्याकडे न्यायचो आणि नाव घेऊन परत यायचो. ती माझी शाळा.

आता सकाळभर बसलो तर चार जातींच्या पलीकडे जात नाही. कटला, रोहू, मृगळ आणि तिलापिया.

पहिल्या तिघी खऱ्या नदीच्या. पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय त्या अंडी देत नाहीत. तलावात वाढतात, पण प्रजा होत नाही. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींना बंदिस्त पाण्यात अंडी द्यायला लावलं, आणि देशभरच्या तलावांचं नशीब बदललं. तेव्हापासून मत्स्यजिरे, अर्धबोटुकली, बोटुकली हे शब्द ढिवर मोहल्ल्यात आले. दर पावसाळ्यात प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून इवली इवली बोटुकली येते, तलावात सोडली जाते, आणि पुढल्या उन्हाळ्यापर्यंत किलोभराची होते. हे वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्या माशांवर घरं चालली आहेत, पोरी शिकल्या आहेत. कटला वरच्या थरात खाते, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिघी एकमेकींच्या ताटात हात घालत नाहीत, ही मांडणीही देखणी आहे. पण शेतात एकच पीक घेतल्यावर बांधावरच्या पालेभाज्या जातात, तसं या पाण्यात झालं. बाहेरून आलेल्या गवत्या माशानं पाणवनस्पती खाल्ल्या. सिप्रिनस मासा तळ उकरून पाणी गढूळ करत राहिला. ज्या पानांना चिकटवून लहान मासोळ्या अंडी द्यायच्या ती पानंच उरली नाहीत.

तिलापियाची गोष्ट निराळी. मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये ती भारतात आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते, पिलं बाहेर आली तरी धोका दिसताच त्यांना परत तोंडात घेते. एका मादीला मी गरीवरून सोडवत होतो तेव्हा तिच्या तोंडातून माझ्या तळहातावर मोहरीएवढी दोन पिलं पडली. डोळेच डोळे. मी ती ओंजळीतून पाण्यात सोडली आणि मग काठी गुंडाळून घरी आलो. तिच्यावर रागावून काय करणार? तिला आणलं माणसांनी, आणि आई म्हणून ती फार चांगली आहे. पण वर्षातून अनेकदा विणारी, इतकी जपणारी आई असली की लहान तलावात इतरांना जागा कशी उरणार?

आणि बेशरम. जांभळट फुलांचं हे दक्षिण अमेरिकेतलं झुडूप काठाकाठानं आत सरकत गेलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, तोडलं तर फांदी पडेल तिथे रुजतं. काठचं गुडघाभर पाणी, जिथे ऊन तळापर्यंत जातं, तेच पिलांचं अंगण असतं. ते अंगण बेशरमीनं भरून टाकलं.

माझ्या हातूनही एक गोष्ट घडली आहे, ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. श्रावणझड उघडली होती. सांडव्याच्या बाजूला पाण्यावर मला एक तांबूस डाग दिसला, सुपाएवढा. तो हलत होता, मधेच फुगत होता, आकसत होता. नीट पाहिलं तर मरळीची पिलं. शेकडो, शेंदरी, एका झुंडीनं हवा घ्यायला वर येत होती. खाली काळी सावली, आई किंवा बाप, कारण मरळीची जोडी मिळून पिलं राखते. या दिवसांत तिच्या पिलांजवळ काहीही पडलं तरी ती भूक नसतानाही त्यावर धावून जाते. मला हे कळत होतं. मी बेडूक लावून नेमकी डागाच्या मधोमध गरी टाकली.

पहिला झटका अजून मनगटात आहे. दुसरी मला अर्ध्या तासानं मिळाली. दोन्ही खांद्यावर टाकून मी मिरवत आबाजींच्या अंगणात गेलो. ते जाळं विणत बसले होते. त्यांनी मासे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "लाल पाणी होतं का रे?" मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. हात धरून मला परत तलावावर घेऊन गेले आणि पाळीवर बसवलं. डाग आता तव्याएवढा राहिला होता. खालून पाणी उसळायचं आणि डागाला भोक पडायचं. एक बगळा काठाशी येऊन उभा राहिला, मग दुसरा. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथे होतो. शेवटी पाणी नुसतं पाण्याच्या रंगाचं झालं. त्या रात्री घरी मरळीचा रस्सा झाला. मी जेवलो नाही, आणि का ते कुणाला सांगितलं नाही.

अर्जुनी मोरगाव भागातल्या काही तलावांवर ढिवर संस्थांनी पाण्याची तब्येत पुन्हा सुधारायला घेतली, हे मला मनीष राजनकर यांच्या लिखाणातून कळलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं ते हे काम करत आले आहेत. रीत जुन्या माणसांच्या माहितीतूनच निघालेली. उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट काढायची. उघडा पडलेला तळ नांगरायचा. पाऊस लागला की दुसऱ्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती चिखलात लावायच्या. बायका रोवणीसारख्या ओळीनं उभ्या राहून तलावात रोवणी करतात, हे मी दोनदा वाचलं. धान रोवणाऱ्याच हातांनी पाणी रोवायचं.

आमच्या गावच्या संस्थेतल्या पोरांनीही तीन उन्हाळ्यांपूर्वी सांडव्याकडचा एक कोपरा असाच साफ केला. फार मोठा नाही, दोन-तीन बांध्यांएवढा. बोटुकली ते अजूनही सोडतात, सोडायलाच हवी. पण त्या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं आहे. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी कमळाची चार पानं आणि खंड्या. खंड्या त्या एकाच फांदीवर येऊन बसायला लागला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की खाली काहीतरी आहे.

गेल्या अश्विनात गेलो होतो. पाणी निवळलेलं, धान लोंबीवर आलेलं, हवेत त्याचा दुधाळ वास. गरीला हाच काळ सगळ्यात चांगला. चौमाशातलं गढूळपण गेलेलं असतं आणि थंडीनं मासा अजून सुस्त झालेला नसतो. साफ केलेल्या कोपऱ्याच्या बाहेर, हद्दीला लागून बसलो. लहान गरी, गांडुळाचा नखाएवढा तुकडा. मोरपिसाचा देठ दोनदा थरथरला आणि तिरका होऊन आत गेला. वर आला तो वीतभरही नव्हता. खवले नसलेलं गुळगुळीत करडं अंग, मिशा पार शेपटीकडे गेलेल्या. सोडवताना त्यानं छातीचे दोन्ही काटे ताठ केले आणि बुडाशी हलवले. कर्र, कर्र. कोरड्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज. माझ्या हातात हा आवाज तीस वर्षांनी आला होता.

मी डब्यात पाणी घेऊन त्याला तसाच आबाजींच्या अंगणात नेला. आबाजी आता नव्वदीला टेकले आहेत. मोतीबिंदूनं नजर गेली आहे, बाजेवर भिंतीला टेकून असतात. मी काही बोललो नाही. ओल्या फडक्यात मासा धरून त्यांच्या कानाजवळ नेला.

कर्र.

त्यांचा चेहरा वळला. त्यांनी हात पुढे केला, अंगठ्यानं पाठीवरचा काटा चाचपला, मिशीचं टोक शोधलं.

"टेंगरा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बाई हाय. पोट रिकामं झालं हाय तिचं. कोठी गावला?"

"सांडव्याकडे आबाजी. पोरांनी साफ केलं तिथे."

"सोडून ये. जाय लवकर, डब्यातलं पानी तपते."

मी गेलो. पाळीवर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. डबा तिरका केल्यावर ती क्षणभर काठाच्या चिखलावर थबकली, मिशा हलवल्या आणि कमळाच्या देठांत शिरली. मग मी काठी न उघडता तसाच बसलो. परत आलो तेव्हा अंगणात दिवा लागला होता. आबाजी जागेच होते.

"कोन कोन बोललं?"

"मरळ बोलली."

"कितीदा?"

"सात वेळा मोजलं."

"अंधार पडेवरी बसाचं होतं," आबाजी म्हणाले, आणि सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.