खिशातली पेढी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानातल्या चौरंगावर लाल कापडाची वही मांडायची, ही रीत माझ्या वडिलांनी घातली. आमचे डोंबिवलीचे दुकान तसे लहानच. भाजणी, मेतकूट, पापड, लोणची, एवढाच पसारा. वडील वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहीत आणि मग वर्षभर तिच्यात उधारी मांडीत. गेल्या दिवाळीत वहीशेजारी आणखी एक वस्तू येऊन बसली. सूनबाईने आपला मोबाइल तिथे ठेवला आणि त्यालाही हळदकुंकू वाहिले.

"बाबा, आता खरी वही हीच हं," ती म्हणाली.

मी हसलो, पण मनातून जरा खट्टूच झालो होतो. कारण ती म्हणत होती ते खरे होते. दुकान डबघाईला आले होते. माल उत्तम, गिऱ्हाईकही जुने. पण पैसा जातो कुठे, हे मला सांगता येत नव्हते. वाणसामानाच्या व्यापाऱ्याची बाकी थकली, तेव्हा सूनबाईने पदर खोचला आणि दुकानाचा कारभार आपल्या फोनमध्ये भरायला घेतला.

प्रथम काउंटरवर तो काळ्यापांढऱ्या चौकोनांचा कागद लागला. मला ती कुणाचा तरी पाय पडून विसकटलेली रांगोळी वाटे. पुढे कळले की, ही खूण १९९४ साली जपानात डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारीच्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढली. तीन कोपऱ्यांतले तीन ठळक चौकोन आहेत ना, त्यांवरून कॅमेऱ्याला कागदाचे वर-खाली समजते; म्हणून फोन वाकडा धरला तरी काम अडत नाही. आपल्याकडे यूपीआय आले २०१६ साली. बँकखात्यातून थेट येणाऱ्या अशा रकमेवर दुकानदाराला दलाली पडत नाही, हा नियम जानेवारी २०२० पासूनचा. सुट्या पैशांची हुज्जत संपली. पैसे आले की मोठ्याने आकडा सांगणारी एक डबीही फळीवर आली. सूनबाईने मला दोन गोष्टी बजावल्या, त्या आपल्यालाही सांगून ठेवतो. पैसे घेताना आपला पिन कधीच लागत नाही. तो मागणारा लबाड समजावा. आणि गिऱ्हाईकाने 'हे बघा, पाठवले' म्हणून स्वतःचा फोन दाखवला, तरी रक्कम आपल्याकडे जमा झालेली दिसेपर्यंत पिशवी हातात देऊ नये.

मग आले व्यापाऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप. हे नेहमीच्याहून वेगळे असते आणि २०१८ च्या जानेवारीत निघाले. त्यात मालाचे फोटो भावासकट मांडून ठेवता येतात. 'भाजणी ताजी आहे का?' या प्रश्नाचे उत्तर एकदाच लिहून ठेवायचे आणि हवे तेव्हा पाठवायचे. कुणाची मागणी नवी, कुणाचे पैसे यायचे, अशा रंगीत चिठ्ठ्या गिऱ्हाइकांच्या नावांना चिकटवता येतात. एकच मजकूर पुष्कळांना धाडता येतो. पण ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनात जपून ठेवला असेल त्यांनाच तो पोचतो. ही अट मला फार आवडली. ओळख आधी, जाहिरात मागून!

दुकान बंद असताना परस्पर उत्तर देण्याचीही त्यात सोय आहे. एका रात्री अकरा वाजता आमच्या व्याह्यांनी कळवले, 'मावशी गेल्या.' आमच्या फोनने तत्काळ उत्तर दिले, 'नमस्कार! आपले आभारी आहोत. उद्या सकाळी नऊनंतर आपल्या सेवेस हजर राहू.' व्याही सुज्ञ, म्हणून निभावले. ओळखीची माणसे यातून वगळण्याची सोय होती. आम्ही ती पाहिलीच नव्हती.

गूगलच्या नकाशावर दुकान नोंदवायला काही खर्च आला नाही. वेळा मात्र खऱ्या घाल, असे मी सांगितले. त्यामुळे माझी दुपारची एक ते चारची झोप आता जगजाहीर आहे. पण बदलापूरहून मेतकूट शोधत आलेले एक गृहस्थ बंद दारावरून परत गेले नाहीत, हा फायदाही त्याच प्रामाणिकपणाचा.

सर्वांत मोठी क्रांती उधारीच्या अ‍ॅपने केली. लाल वहीतली नावे सूनबाईने एकेक करून फोनमध्ये उतरवली आणि चौथ्या दिवशी बेरीज माझ्यापुढे धरली. अडतीस हजार चारशे रुपये! व्यापाऱ्याची बाकी चुकती होऊन वर महिन्याचा किराणा भरला असता. मी खाली मान घातली. तिने एक बटण दाबले आणि त्या संध्याकाळी सगळ्या नावांना निरोप गेले. आठ दिवसांत निम्मी रक्कम वसूल झाली. लोक बुडवणारे नव्हते हो. ते विसरले होते, आणि मी आठवण दिली नव्हती.

त्या नावांत आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू होत्या. निवृत्त शिक्षिका, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनच्या. त्यांची बाकी होती सहाशे चाळीस. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, रुमालाची गाठ सोडली, पैसे मोजून ठेवले आणि एक शब्द न बोलता गेल्या. मग तीन आठवडे आल्याच नाहीत. चौथ्या आठवड्यात मी भाजणीची पुडी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा टाकला. बराच वेळ इकडचे तिकडचे झाल्यावर म्हणाल्या,

"पैशाचं काही नाही रे. द्यायलाच हवे होते. पण 'त्वरित भरणा करा' असं तू मला कधी तोंडानं म्हणाला असतास का?"

मला काही उत्तर सुचले नाही. तो मजकूर माझा नव्हता, अ‍ॅपमध्ये तयारच होता. पण खाली नाव माझ्या दुकानाचे होते.

घरी येऊन सूनबाईला सांगितले. वाटले, ती वाद घालील. ती गप्प बसली, मग म्हणाली, "बाबा, वसुली थांबवली तर दुकान थांबेल." तेही खरे होते. शेवटी आम्ही दोघांनी मिळून तोड काढली. हिशेब अ‍ॅपने ठेवायचा. परस्पर जाणारे निरोप बंद. दर महिन्याच्या पाच तारखेला ती मला नावे वाचून दाखवते आणि मी फोन करतो. आधी तब्येत विचारतो, मग बाकी सांगतो. दोन नावांवर मी मान हलवतो, तेव्हा ती काही न विचारता पुढे जाते. वडिलांच्या वहीतही काही नावे अशीच आडव्या रेघेने खोडलेली आहेत; समोर जमेचा आकडा नाही. त्या रेघा मला आता कळतात. पण खोडायचे तर आधी किती खोडतो आहोत ते ठाऊक हवे, हे मला सूनबाईने शिकवले.

काकू पुन्हा येऊ लागल्या आहेत. फोनवरून पैसे कसे द्यायचे, ते त्यांनी सूनबाईकडून शिकून घेतले. परवा त्यांनी पापड घेतले, चष्मा सावरून कागदापुढे फोन धरला, आणि फळीवरची डबी खणखणीत आवाजात ओरडली, "एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले!"

काकू दचकल्या. आजूबाजूला पाहून मला म्हणाल्या, "अरे, दिले ते कळलं. पण एवढं मोठ्यानं कशाला?"

सूनबाईने हात लांब करून डबीचा आवाज कमी केला.