ऐझॉल : मूठभर तांदळाचे शहर

सैरांगच्या स्थानकात गाडी शिरली तेव्हा सकाळचे धुके दरीतून हळूहळू वर उठत होते. बैराबीपासून इथवरचे पन्नासएक किलोमीटरचे अंतर म्हणजे बोगद्यांची आणि पुलांची मालिकाच होय. एका अंधारातून बाहेर पडावे, क्षणभर पायांखाली खोल हिरवी दरी दिसावी, की लगेच दुसरा अंधार! सप्टेंबर २०२५ मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला आणि मिझोरामची राजधानी प्रथमच देशाच्या रेल्वेच्या आवाक्यात आली. ऐझॉल इथून अवघे वीसएक किलोमीटर. परंतु तो सारा रस्ता चढाचा आणि वळणांचा आहे.

स्थानकाजवळून वाहणारी त्लॉंग नदी मात्र प्रवाशांना फार पूर्वीपासून इथे आणीत आली आहे. ११ जानेवारी १८९४ रोजी सिल्चरकडून होडीने आलेले लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन तरुण इंग्रज मिशनरी याच सैरांगला उतरले. तेव्हा या टेकड्यांना लुशाई टेकड्या म्हणत. मिझो भाषेला लिपी नव्हती. ती या दोघांनी रोमन अक्षरांत बसवली, व्याकरण आणि शब्दकोश रचला, आणि चार वर्षांनी ते निघून गेले. त्यांच्यामागून वेल्समधील मिशनरी आले. २०११ च्या जनगणनेत मिझोरामचे साक्षरतेचे प्रमाण ९१ टक्क्यांहून अधिक आणि ख्रिस्ती लोकसंख्या ८७ टक्के भरली. हे आकडे मी घरूनच टिपून नेले होते. त्या आकड्यांमागे राहणाऱ्या माणसांना भेटावे, एवढाच माझ्या प्रवासाचा हेतू होता.

ऐझॉल हे डोंगराच्या कण्यावर बसलेले शहर आहे. घराच्या पुढच्या दारातून रस्त्यावर पाऊल टाकावे, तर मागच्या बाजूला तेच घर तीन मजले खाली दरीत उतरलेले असते. शहराच्या प्रत्येक वस्तीला वेंग म्हणतात, आणि प्रत्येक वेंगला स्वतःचे प्रार्थनामंदिर असते. एका सहकाऱ्याच्या ओळखीने माझी उतरण्याची सोय एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी झाली होती. मिझो रीतीप्रमाणे सारे त्यांना ‘पी’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचे ‘बाई’. मीही तसेच म्हणू लागलो.

पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात एक गोष्ट माझ्या नजरेस पडली. पींनी भातासाठी तांदूळ मापून घेतले. ते धुण्यापूर्वी त्यांतली एक मूठ काढून त्यांनी फळीवरच्या डब्यात टाकली आणि मगच उरलेले तांदूळ पातेल्यात ओतले. सकाळीही तेच. मी विचारले, “पी, ही मूठ कोणासाठी?”

“कोणासाठी ते मला ठाऊक नसते,” त्या हसून म्हणाल्या. “आठवड्याने मंडळीच्या बायका येऊन डबा रिकामा करून नेतात.”

“म्हणजे उरलेल्यातून दानधर्म?”

“उरलेल्यातून नव्हे. उरेल की नाही, ते जेवण झाल्यावर कळते. ही मूठ शिजवण्याआधीच निघते. घरात तांदूळ कमी असले तरी निघते.”

या प्रथेला बुहफाई थाम म्हणतात. बुहफाई म्हणजे सडलेले तांदूळ, थाम म्हणजे मूठ. १९१० च्या सुमारास ती इथे रुजली. त्या काळी घरोघर पैसा नव्हताच. जे होते ते झूम शेतीतले भात. रोख देता येत नाही म्हणून कोणी देणाऱ्यांच्या पंक्तीतून उठू नये, अशी त्यामागची दृष्टी असावी. जमलेले तांदूळ विकून त्यांचा पैसा मंडळीच्या कार्यासाठी वापरतात. अशा मुठीमुठींतून आज वर्षाकाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात. मला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाची आठवण झाली. गरीब मुलांच्या वसतिगृहांसाठी साताऱ्याकडच्या मायमाउल्यांनीही असेच मूठमूठ धान्य बाजूला काढले होते. दोन प्रांत, दोन धर्म, हजारो किलोमीटरचे अंतर. पण मूठ तीच!

सोमवारी संध्याकाळी पींनी मला तरुण मंडळाच्या सभेला नेले. प्रेस्बिटेरियन पंथाच्या या मंडळाचे नाव क्रिस्तियन थलाई पॉल, म्हणजे ख्रिस्ती तरुण मंडळ. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते स्थापन झाले आणि आज बहुतेक प्रत्येक वेंगमध्ये त्याची शाखा आहे. दुकानांत राबणारी, महाविद्यालयांत शिकणारी, कचेऱ्यांतून नुकतीच सुटलेली मुले-मुली बाकांवर दाटीने बसली होती. खुआंग नावाच्या मोठ्या ढोलावर ठेका पडला आणि चार स्वरांत गाणे सुरू झाले. कोणी कोणाला सूर दिला नाही. ज्याचा तो आपापल्या जागी येऊन बसला. गाण्यात मिझो माणसाला शिकवावे लागत नाही, असे म्हणतात; त्या संध्याकाळी ते खरे वाटले.

प्रार्थनेनंतर मंडळाच्या चिटणिसाने एक यादी वाचली. हा पंचविशीतला मुलगा एका छापखान्यात नोकरीला होता. पींनी माझ्या कानाशी भाषांतर केले. एका विधवेच्या घराचे पत्रे वादळाने उडाले आहेत, शनिवारी ह्नातलांग. ह्नातलांग म्हणजे गावाने मिळून करायचे, मोबदल्याविना काम. आपल्याकडे शेतकरी इर्जिक घालतात त्याचेच हे भावंड. रुग्णालयात रक्त हवे आहे. चौघांनी उद्या जायचे. म्यानमारमधून आलेल्या कुटुंबांसाठी पांघरुणे गोळा करायची. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या देशात लष्कराने सत्ता हाती घेतल्यानंतर तीस हजारांहून अधिक चिन बांधव सरहद्द ओलांडून मिझोराममध्ये आश्रयाला आले. ते भाषेने आणि रक्ताने मिझोंचे भाईबंद. त्यांना अन्न आणि छप्पर देण्यात इथल्या मंडळ्यांनी आणि तरुणांनी मोठा वाटा उचलला. यादी वाचून होताच हात वर होत गेले, आणि पाच मिनिटांत प्रत्येक कामाला माणसे मिळाली.

या तत्परतेचे मूळ ख्रिस्ती शिकवणीत आहे, तसेच त्याही आधीच्या मिझो जीवनात आहे. पूर्वी गावातील अविवाहित तरुण रात्री झॉलबूक नावाच्या एका मोठ्या सामाईक घरात निजत. शत्रूचा हल्ला, आग, जंगलात हरवलेला शिकारी, कोणतेही संकट आले की झॉलबूक जागे होई. शाळा आणि प्रार्थनामंदिरे आली तशी ही घरे ओस पडत गेली. परंतु त्यांतील वृत्ती उरली. १५ जून १९३५ रोजी ऐझॉलमध्ये स्थापन झालेल्या आणि १९४७ पासून यंग मिझो असोसिएशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेने ती वृत्ती पुढे चालवली. या वृत्तीला मिझो भाषेत एक शब्द आहे : त्लॉमङाइना. परोपकार म्हणावे, तर त्यात उपकाराची भावना डोकावते. निःस्वार्थीपणा म्हणावे, तर त्यात धैर्य येत नाही. आपला वाटा शेवटी घेणे, ओझे मात्र प्रथम उचलणे, आणि त्याचा उच्चारही न करणे, हे सारे त्या एका शब्दात सामावले आहे. भाषांतर हाच माझा व्यवसाय. पण या शब्दापुढे मला हात टेकावे लागले.

दुष्काळाने या वृत्तीची कसोटी पाहिली. इथल्या टेकड्यांवरील मौतक जातीच्या बांबूला सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा फुले आणि फळे येतात. ती खाऊन उंदरांची संख्या बेसुमार वाढते, आणि फळे संपली की ते उभ्या पिकावर तुटून पडतात. १९५९ च्या अशा मौतामने घरोघरची कणगी रिती केली. त्या असंतोषातून पुढे १९६६ चे बंड झाले, आणि १९८६ च्या कराराने टेकड्यांत शांतता नांदेपर्यंत वीस वर्षे गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या घरात तांदळाच्या मुठीला आजही वजन आहे.

बुधवारी मध्यरात्री ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने मला जाग आली. पी उठून शाल गुंडाळत होत्या. वेंगमधील एक तरुण वारला होता. आम्ही पोहोचलो तोवर ते छोटे घर माणसांनी भरून गेले होते. मुली चुलीवर चहाची भांडी चढवीत होत्या, मुलगे बाक वाहून आणीत होते. मध्ये बसलेली आई एकटी पडणार नाही अशा बेताने बायका तिला टेकून बसल्या होत्या. सकाळपर्यंत संथ लयीत शोकगीते चालू राहिली. शोकाकुल घराला रात्र एकट्याने काढू द्यायची नाही, हा इथला नियम. कबर खणण्यासाठी मजूर लावीत नाहीत. ते काम वेंगमधील तरुणांचेच.

पहाटे मी त्यांच्याबरोबर दफनभूमीवर गेलो. रिमझिम पाऊस होता, उतारावर पाय ठरत नव्हता. मुले आळीपाळीने कुदळ चालवीत होती. छापखान्यातला चिटणीस मात्र आपली पाळी संपली तरी वर येईना. शेवटी दोघांनी त्याला हात देऊन वर काढले. तो माझ्याशेजारी येऊन बसला. हाताला लागलेली माती पाहत तो हिंदीत म्हणाला, “आम्ही एकाच वर्गात होतो.”

मी गप्प राहिलो. काही वेळाने त्यानेच सांगितले. मित्राला अमली पदार्थांची सवय लागली होती. सुईवाटे आजारही जडला होता. तो प्रार्थनेला येईनासा झाला, मग रस्त्यात दिसला तरी मान वळवू लागला. “आज मी त्याची कबर नीट खणली आहे, कडा सरळ केल्या आहेत,” तो म्हणाला. “पण गेल्या वर्षभरात मी त्याच्या दारी किती वेळा गेलो? दोनदा. यादीत पत्रे होते, रक्त होते, पांघरुणे होती. त्याचे नाव मी कधी घातले नाही. मला लाज वाटत होती, आणि त्याला माझ्याहून अधिक.”

त्यावर कोणाचे सांत्वन चालावे? हे दुःख त्याच्या एकट्याचे नाही. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार एचआयव्हीच्या संसर्गाचे प्रौढांमधील प्रमाण देशात ०.२१ टक्के, तर मिझोराममध्ये २.७० टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. म्यानमारच्या सरहद्दीवरून येणारे अमली पदार्थ हे त्याचे एक मोठे कारण. जो समाज मृताला एक रात्रही एकटे सोडत नाही, त्या समाजातही लाजेच्या भिंतीआड एखादा जिवंत माणूस एकटा पडू शकतो. आपल्या गावांची आणि शहरांची गोष्टच काढायला नको. घराचे उडालेले पत्रे सर्वांना दिसतात. कोणाच्या घरात काय मोडले आहे, ते विचारल्यावाचून कळत नाही.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा सभेला गेलो. दुसऱ्या दिवशी मला निघायचे होते. गाणे झाले, प्रार्थना झाली, यादी वाचली गेली. विधवेचे घर शाकारून झाले होते. मग चिटणिसाने कागद खाली ठेवला आणि तो स्वतःच्या शब्दांत बोलू लागला. वेंगमध्ये अशी आणखी काही घरे आहेत, तो म्हणाला. नावे मी वाचणार नाही. तिथे उपदेश करायला जायचे नाही, कोणाला पकडायलाही जायचे नाही. दर आठवड्याला जायचे, चहा प्यायचा, बसायचे. दार उघडले नाही तर पुढच्या आठवड्याला पुन्हा जायचे. कोण येईल?

पत्र्यांच्या वेळी भराभर वर झालेले हात या वेळी वर आले नाहीत. मागच्या बाकावर कोणी खोकले. बराच वेळ सभेत पावसाचाच आवाज होता. नंतर ढोल वाजवणाऱ्या मुलाने हात वर केला, मग दुसऱ्या एका मुलीने, मग आणखी तिघांनी. पाच झाले. चिटणिसाने पाच नावे लिहून घेतली आणि सहावे आपले लिहिले.

घरी परतलो तेव्हा मंडळीच्या बायका येऊन गेल्या होत्या आणि फळीवरचा डबा रिकामा होता. पींनी रात्रीच्या भातासाठी तांदूळ मापले, त्यांतली मूठ काढली आणि रिकाम्या डब्यात टाकली.