पाच खणांची ओसरी

घराला नवे रूप द्यावे ही इच्छा मला वयाच्या सत्तराव्या वर्षी झाली, हे ऐकून आमच्या स्नेह्यांनी जी मुद्रा केली ती मी अद्याप विसरलेलो नाही. या वयात माणसाने तीर्थयात्रेचा विचार करावा, असे त्या मुद्रेवर स्पष्ट लिहिलेले होते. परंतु आम्ही पडलो नाशिककर! ज्या रामकुंडासाठी लोक देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतात ते आमच्या दारापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. तेव्हा यात्रेचा प्रश्न मी सकाळच्या फेरफटक्यातच निकालात काढला, आणि घराकडे वळलो.

आमचा वाडा सराफ बाजाराच्या मागल्या अंगाला एका अरुंद गल्लीत आहे. दिंडीदरवाजा, चौक, चौकाला लागून ओसरी, आत माजघर नि देवघर, वर माडी, असा त्याचा जुना थाट. या थाटात प्रत्येक पिढीने आपापल्या मर्जीची भर घातली. आजोबांचा पितळी कड्यांचा झोपाळा, वडिलांचे शिसवी मेज, माझ्या लग्नात आलेले लोखंडी कपाट, आणि चिरंजीवांनी पुण्याहून धाडलेला, बसताच माणसाला गिळून टाकणारा सोफा, ही सारी मंडळी एकाच ओसरीवर नांदत होती. पण रेल्वेच्या डब्यात शेजारी आलेल्या उतारूंप्रमाणे, एकमेकांची ओळख नसल्यासारखी. हे सारे काढून टाकावे, आणि दारापासून दिव्यापर्यंत प्रत्येक वस्तू एकाच हाताने आखल्यासारखी दिसावी, असा माझा संकल्प होता. त्यासाठी मी माझ्या भाचीला बोलाविले. ती वास्तुविशारद आहे. आणि मामाकडून मेहनताना घ्यावा की न घ्यावा या संकोचात तिला ठेवण्याइतका मी व्यवहारी आहे.

तिच्यापुढे मी विल्यम मॉरिसचा दाखला ठेवला. 1860 साली लंडनबाहेर बेक्स्लीहीथ येथे त्याचे ‘रेड हाउस’ उभे राहिले. आराखडा त्याचा मित्र फिलिप वेब याचा. बाजारात मनाजोगे सामान मिळेना, म्हणून भिंतींवरची चित्रे, पडदे, कपाटे मॉरिसने नि त्याच्या मित्रांनी स्वतःच तयार केली. आणि त्या खटाटोपातून 1861 मध्ये घरसामान घडविणारी त्यांची पेढी निघाली.

“एका घरातून केवढे कार्य उभे राहिले पाहा!” मी म्हणालो.

“आणि पाच वर्षांत त्याने ते घर सोडले, हेही सांगा की, मामा,” ती म्हणाली; आणि तिने मला व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या वास्तुविशारदाची 1900 सालची एक कथा ऐकविली. एका धनिकाने आपले सबंध घर एका कलावंताकडून आखून घेतले. वाढदिवसाला बायकामुलांनी प्रेमाने भेटी आणल्या, तर त्या ठेवायला घरात जागाच नाही! कारण घर पूर्ण झालेले. वास्तुविशारद आला तो त्याच्या पायांतल्या सपाता पाहून संतापला. सपाता त्यानेच आखलेल्या होत्या, पण त्या निजण्याच्या खोलीसाठी. या खोलीत त्यांनी रंगसंगती बिघडत होती.

“म्हणजे आहे तसेच राहू द्यायचे म्हणतेस?” मी जरा चिडून विचारले.

“आधी मोजू तर द्या.”

मोजण्यापूर्वी तिने मला हाताला धरून सरकारवाड्यात नेले. जन्मभर ज्याच्यावरून मी येजा केली, त्या पेशवेकालीन वास्तूतील खांबांच्या ओळी मी त्या दिवशी प्रथम पाहिल्या. आपल्या जुन्या वाड्यांचे माप खणाचे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. लाकडाची तुळई किती लांब नि किती भार पेलणारी, यावर ते ठरे. आणि एकदा ठरले म्हणजे ओसरी, माजघर, माडी, सारे त्याच मापाच्या पटीत वाढे. दारे, कोनाडे, फडताळेही त्या ओळीचा मान राखीत. “एका हाताची आखणी म्हणता ना, ती ही,” भाची म्हणाली. “ती सामानात नसते, सामान मागाहून येते नि जाते.”

घरी परतून तिने फीत लावली, आणि कपाळाला आठ्या घातल्या. आमच्या ओसरीचे खण भरले अडीच.

खण अडीच असू शकत नाहीत. अर्धा खांब कोणी उभा करीत नाही. पण आमचे होते, आणि ते का, हे मला तिला सांगावे लागले. ओसरी मूळची पाच खणांची. 1964 साली वडील आणि काका विभक्त झाले. निमित्त, आडावरच्या रहाटाच्या दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा. पंचांनी न्याय केला तो इतका काटेकोर, की तिसऱ्या खणाच्या बरोबर मध्यावर विटांची भिंत उभी राहिली, आणि चौक चिरीत पलीकडे गेली. 1969 च्या महापुरात गोदामाई चौकात आली तेव्हा तिने मात्र वाटणीपत्र पाहिले नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना पाणी एकाच रेषेवर चढले. ओसरल्यावर दोन्ही घरांनी आपापला गाळ आपापल्या दाराने बाहेर काढला.

2008 च्या पुरानंतर मी शहाणपणा केला. आमच्या बाजूची भिंत आणि खांबांचे बुंधे सिमेंटने लिंपून वर पांढऱ्या फरश्या बसविल्या. भाचीबरोबर आलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने त्यांतली एक उखडली आणि माझ्याकडे पाहिले. मातीचुन्याची भिंत ओल पिते, पण ती वाऱ्यावर सोडूनही देते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आतल्या आत कोंडते. खांब दगडी तळखड्यावर उभा करतात तो लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून. मी तळखड्यासकट तो पुरला होता. खांबाचा बुंधा भुसभुशीत झालेला. वाळवी त्यातून चढून मधल्या खणाच्या तुळईत शिरलेली. आणि त्या तुळईचे दुसरे टोक पलीकडल्या खांबावर, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या घरात.

टेकू दोन्ही अंगांनी लावल्यावाचून तुळई उतरत नाही. म्हणून गल्लीतून वळसा घालून मी त्याच्या दाराची कडी वाजविली. आम्ही भांडलेलो नव्हतो; लग्नाकार्याला, श्राद्धपक्षाला भेटत होतो. पण त्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेलो होतो ते आठवेना. चूक माझी, हे सांगताना माझी जीभ जड झाली. त्याने सारे ऐकून घेतले, आणि वर छताकडे पाहत म्हणाला, “दादा, टेकू लावायचे तितके लाव. दोन वर्षं झाली, हे छत रात्री करकरतंय. मी ते कोणाला विचारायचं होतं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

तुळई बसविण्यासाठी भिंतीचे वरचे थर काढावे लागले. नवे सागवान चढले, टेकू निघाले, आणि गवंड्याने विचारले, थर पुन्हा घालायचे का? आम्ही दोघेही गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याने न विचारता उरलेली भिंत उतरविली. स्वयंपाकघरे मात्र दोन्ही राहिली. आमच्या सुगृहिणींचे याबाबत तत्काळ एकमत झाले.

सामानाचे म्हणाल, तर एकही वस्तू बाहेर गेली नाही. उलट पलीकडून चार आल्या, त्यांत तांबट आळीतून आणलेला काकांच्या वेळचा तांब्याचा बंबही आहे. भाचीने एवढेच केले: भिंतींना चुना, खांबांना तेल, आणि कोणत्याही वस्तूने खांबांची ओळ ओलांडायची नाही असा दंडक. तेवढ्यानेच ती उतारू मंडळी एका घरची दिसू लागली. चौकात जेथे भिंतीचा पाया होता तेथे नवी फरशी जुनीशी जुळत नाही. भाचीला ते खुपते. आम्हा दोघांना नाही.

सोफा मधल्या खणात आहे. काल त्यात रुतल्या रुतल्या भावाने मला विचारले, “दादा, त्या रहाटाचा खर्च शेवटी दिला कोणी रे?” मी पुष्कळ आठवून पाहिले. आड बुजवूनही आता कैक वर्षे झाली.